मामीचं कोपर

उदोन
९ जानेवारी, बुद्धाब्द २५३६

मामी, तुला आणि मामांना दोन्ही हात जोडून.

परत येऊन आठवडा झाला तरी माझ्या कपड्यांना अजून तुझ्या चुलीचा वास येतोय. परिचारिका उबोन रोज विचारते, "डॉक्टर, नोंग काएनला पुन्हा कधी जायचं?" तिला झोपेच्या अभ्यासाची नाही, तुझ्या चिकट भाताची ओढ लागली आहे. विहाराच्या धर्मशाळेत तू आम्हाला जागा मिळवून दिलीस, घरोघरच्या बायकांना बसवून यंत्राचा चिमटा बोटाला कसा लावायचा ते शिकवलंस. तू नसतीस तर गावातल्या एकाही पुरुषानं रात्रभर बोटाला चिमटा लावून घेतला नसता. तुझे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, आणि फेडायचेही नाहीत. असू देत अंगावर.

आता निकाल सांगते. बसून वाच. तुमच्या गावच्या पुरुषांची झोप वाईट आहे, फारच वाईट. जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तातली हवा रात्री इतकी खाली जाते की कागदावरच्या रेषा बघून मला घाम फुटला. झोपेत श्वास अडकायचा हा आजार शहरातल्या जाड्या शेठजींचा, असं आमचे प्राध्यापक चलेम आजवर सांगत आले. आणि इथे तर हडकुळे शेतकरी! मार्चमध्ये बँकॉकच्या परिषदेत मी हे मांडणार आहे. तुला म्हणून सांगते, आमची झोपेची खोली बंद करून तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचं वरच्यांच्या मनात होतं. एक खाट, एक यंत्र आणि मी. "लोक झोपतात आणि ही बघत बसते," अशी आमची कीर्ती. आता जरा तोंडं बंद होतील.

आणि खरी बातमी शेवटी: सगळ्या गावात आपले मामा पहिले! तिन्ही रात्री त्यांची रेषा जेमतेम हलली. मला नवल वाटलं. शाळेसाठी तुमच्याकडे राहायचे तेव्हा मच्छरदाणीत पडून मी त्यांचं घोरणं ऐकायचे. ते मध्येच थांबायचं आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मीही श्वास धरून राहायचे. या विषयात मी का आले असं कोणी विचारलं तर मी काहीतरी भारदस्त सांगते, पण खरं कारण मामांचं नाक. आता वाटतं, लहानपणी पोरं उगाच घाबरतात. शेवटी मोजमाप ते मोजमाप.

मामांना म्हणावं, पोरांची शाळेची गाडी निर्धास्त चालवा.

तुझी मालै

*

नोंग काएन
२४ जानेवारी

मालै, पोरी,

तुझं पत्र तुझ्या मामानं गावभर वाचून दाखवलं. आधी विहारात, मग भाताच्या गिरणीवर, मग नूडलच्या टपरीवर. शाळेत कधी पहिला आला नाही, तो झोपेत आला! छाती काढून चालतो. बाकीच्यांची मात्र तोंडं उतरली आहेत. शेजारच्या बुनथमनं तर जेवण टाकलंय. मलाच येऊन विचारतो, "वहिनी, मी किती दिवसांचा?" जशी काही मीच डॉक्टरीण. त्यांचं काय करायचं ते लवकर ठरव बाई.

आणि उपकार कसले मोजतेस? तू आमच्याकडे आलीस तेव्हा घरात पोर नव्हतं. तू आलीस आणि घर बोलायला लागलं. आता कोण कोणाचं ऋणी, ते भंतेच सांगू जाणे.

एक काम कर. बसवाल्याकडे नखांना लावायचा रंग पाठव. गडद पाहिजे, काळपट लाल किंवा जांभळा. आमच्या दुकानातला संपला. बाटल्या जरा मोठ्या घे. बायकांच्या कामाचा आहे, जास्त चौकशी नको.

मामा मजेत आहे. झोपेची इतकी गोडी लागली आहे की दिवसाही सोडवत नाही. प्रवचनात झोपतो, टपरीवर वाटी पुढ्यात येईस्तोवर झोपतो. परवा न्हाव्याच्या खुर्चीत झोपला, तर न्हावी बिचारा अर्धं डोकं करून ताटकळत बसला. मी म्हटलं, पहिला नंबर टिकवायचा तर सराव नको का?

माझं उजवं कोपर तेवढं धरलंय. मालिशवाली म्हणते, उखळात मिरच्या कुटून कुटून. असेल. म्हातारपण कुठून तरी आत शिरणारच.

मामी बुआलोई

*

उदोन
६ फेब्रुवारी

मामी,

बाटल्या बसवाल्याकडे दिल्या. तीन आहेत, तिन्ही अगदी वांग्यासारख्या गडद. पन्नाशीला आलीस आणि आता नखं रंगवायला निघालीस! मामा पहिले आल्यापासून तुमच्या घरात काहीतरी वेगळंच चाललेलं दिसतंय. मी काही विचारत नाही.

बाटल्यांबरोबर कोपरासाठी मलम आहे. मिरच्या कुटणं थोडे दिवस मामांकडे दे. मामांची दिवसाची डुलकी वयाची असेल, शिवाय ऊनही वाढलंय. बुनथमकाकांना सांग, एप्रिलमध्ये सगळ्यांना इथे आणून नीट तपासू, तोवर पोटभर जेवा.

प्राध्यापक चलेम फारसे हसत नाहीत. परवा त्यांनी तुमच्या गावचे कागद पाहिले आणि स्वतःच्या हातानं मला चहा ओतून दिला. उबोन म्हणाली, इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला पाणीसुद्धा दिलेलं तिनं पाहिलेलं नाही. उबोनचं एक गाऱ्हाणं तेवढं ऐक: म्हणे तुमच्या गावात सकाळी घराघरात थिनरचा वास येतो. मी तिला म्हटलं, शेतीची अवजारं रंगवत असतील.

परिषदेत पहिलं नाव तुझ्या गावाचं घेणार आहे.

मालै

*

नोंग काएन
२७ फेब्रुवारी

मालै,

आधी सांगून टाकते म्हणजे घाबरणार नाहीस. कोणाला काही झालेलं नाही.

मंगळवारी सकाळी पोरांना शाळेत नेताना तुझा मामा गाडी चालवता चालवता झोपला. कालव्याजवळ रस्ता वळला आणि गाडी सरळ गेली. खाली बुनथमच्या म्हशींचं डबकं होतं म्हणून निभावलं. पोरं चिखलात माखून बाहेर आली, त्यांना मजाच वाटली. बुनथमची नात म्हणाली, "आजोबा, उद्या पण!" तुझा मामा मात्र हसला नाही. तेव्हापासून ओट्यावर बसून असतो. गाडीची किल्ली भंतेंच्या पायाशी ठेवून आला होता, ती संध्याकाळी जाऊन परत घेऊन आला. गावात दुसरा गाडीवाला नाही. सोमवारपासून पुन्हा जाणार म्हणतो.

लोक म्हणतात, त्याला विधवा हडळीनं गाठलं, झोपलेल्या बाप्याला नवरा करून घेऊन जाते तिनं. आता तुला सांगायलाच हवं. खामसिंगचा थोरला सिंगापूरला कामाला गेला आणि झोपेतच गेला, ते तुला माहीत आहे. तेव्हापासून इथला एकही बाप्या नखं रंगवल्याशिवाय झोपत नाही. रंगवलेली नखं बघितली की हडळीला वाटतं बाईच आहे, आणि ती पुढच्या घरी जाते. तिला चकवायला दारोदार उभी केलेली बुजगावणी तू पाहिलीस, नखांचं मात्र तुला कोणी कळू दिलं नाही. शिकलेली भाची आलेली, सोबत शहरातली परिचारिका, तिच्यापुढे हे मिशाळ गडी नखं दाखवत बसणार? म्हणून रात्री आधी रंग, मग तुझा चिमटा, आणि सकाळी उबोन यायच्या आत थिनर. ती अवजारं नव्हती बाई.

तुझ्या मामानं तेवढा रंग लावला नाही. म्हणाला, "हडळ माझं घोरणं ऐकून ट्रॅक्टर समजेल. ट्रॅक्टरशी कोण लग्न करतं?" मलाही गरज वाटली नव्हती. रात्री तो माझ्या ताब्यात असतो. घोरता घोरता गप्प झाला की मी कोपर मारते, की घुसमटून पुन्हा सुरू. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. तुझ्या चिमट्याच्या रात्री तर मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. म्हटलं, भाचीच्या यंत्रापुढे मामाची अब्रू जायला नको. पण गाडीत मी नसते ना!

मंगळवारपासून मी त्याचीही नखं रंगवते. तू पाठवलेला रंग चांगला दाट आहे.

आता खरं सांग. तो गावात पहिला आहे, तर मग गाडी चालवताना झोपतो कसा?

मामी

*

उदोन
१ मार्च

मामी,

हे पत्र टपालात न टाकता बसवाल्याच्या हातात देतेय. वाचून होण्याआधी उठ आणि मामांकडून किल्ली काढून घे. विनंती नाही, डॉक्टर म्हणून सांगते आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मी तसलीच बाटली आणली. बोटाला दाट थर दिला, वाळू दिला, आणि चिमटा लावला. यंत्राच्या मते मी गुदमरत होते. मी तर खुर्चीत बसून चहा पीत होते! चिमट्यातला उजेड नखातून आरपार जातो आणि त्यावरून रक्तात हवा किती ते यंत्र ठरवतं. मध्ये इतका गडद रंग आला की त्याला वाटतं, माणूस चालला. हडळ फसली की नाही ते तिलाच ठाऊक. डॉक्टरीण पुरती फसली.

तेव्हा बुनथमकाकांना आत्ताच्या आत्ता जेवायला वाढ. त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं ते सगळं रद्द. गावातल्या कोणाहीबद्दल मला काहीही कळलेलं नाही. परिषदेतला निबंध आज सकाळी मागे घेतला.

आणि मामी, जी सरळ रेषा बघून मी मामांना पहिलं केलं, ती त्यांची नव्हती. ती तुझी होती. त्यांचा गेलेला श्वास तू रात्रभर परत ओढून आणत होतीस. मी मच्छरदाणीत पडून घोरणं पुन्हा सुरू व्हायची वाट बघायचे, तेव्हा पलीकडे तू कोपर मारत होतीस, आणि मला वाटायचं श्वास आपसूकच परत येतो! एवढी शिकले, पण शेजारी झोपणाऱ्या बाईला काही विचारावं हे मला सुचलं नाही. तू आजवर मामांना जिवंत ठेवलंस. हे लिहिताना माझे डोळे भरून आलेत, अक्षर लागत नसेल तर समजून घे.

त्यांना तोच आजार असणार असं मला वाटतं. श्वास अडकतो, जाग येते, पुन्हा अडकतो. झोप अशी पुरी होतच नाही, म्हणून ते दिवसा जमेल तिथे झोपतात. पण वाटतं म्हणून बोलायची माझी पत आता राहिलेली नाही. नीट मोजायला हवं. शनिवारी मी यंत्र घेऊन येते. बरोबर नाकावर बसवायची वाटी आणि हवा ढकलणारं दुसरं यंत्रही आणते.

एकच मागते. त्या रात्री तू मामांजवळ झोपायचं नाहीस आणि त्यांना हात लावायचा नाहीस. मी उशाशी बसून असेन. हे मागणं किती मोठं आहे ते मला कळतं.

मालै

*

नोंग काएन
४ मार्च

मालै,

किल्ली माझ्या कमरेला आहे. पोरं सध्या बुनथमच्या शेतगाडीतून शाळेत जातात. रोज उशीर होतो, म्हणून खूष आहेत. बुनथम दोन माणसांचं जेवतोय.

तू म्हणतेस हात लावू नकोस. पोरी, लग्नाच्या पहिल्या रात्री हा असाच गप्प झाला, तेव्हा मला वाटलं मी विधवा झाले. हातांना बांधलेले लग्नाचे दोरे अजून कोरे होते. रडत रडत कोपर मारलं, तर हा उठून विचारतो, "काय, उजाडलं?" तेव्हापासून हे कोपर झोपलेलं नाही. माहेरी आईच्या अंत्यविधीला गेले तेव्हाही याला सोबत नेलं आणि शेजारी निजवलं. भावजया हसल्या, म्हणाल्या, हिला नवऱ्याशिवाय करमत नाही. मी हसू दिलं. माणसाचा जीव झोपेत भटकायला जातो म्हणतात. याचा जीव जरा लांबच जातो, आणि मी त्याला हाक मारून आणते, एवढंच मला ठाऊक.

आता तू सांगतेस, हाक मारू नकोस. आणि तो परत आलाच नाही तर? तुझं यंत्र सगळ्या गावाबद्दल चुकलं होतं, हे मी विसरलेले नाही. टोचून बोलत नाही गं. भीती वाटते म्हणून बोलते.

ये तू. मी स्वयंपाकघरात चटई टाकीन. याची नखं मात्र तुझ्यासमोर मी स्वतः थिनरनं घासणार, एकसुद्धा राहू देणार नाही.

मामी

(खाली मामाच्या अक्षरात) मालै, या बाईला आत कोंड आणि बाहेरून कडी लाव. मला एकदा निवांत झोपू दे. पण खरं सांगू का, त्या पोरांचे चिखलानं भरलेले चेहरे डोळ्यांपुढून जात नाहीत. काय असेल ते बघ आणि मला सांग. लपवू नकोस. आणि मी अजून पहिला आहे का तेही सांग. थोंगसुक.

*

उदोन
८ एप्रिल

मामी, मामा,

आज जरा सवड मिळाली. आधी मामांचं उत्तर: होय, तुम्ही अजूनही पहिले आहात, पण दुसऱ्या टोकाकडून! त्या रात्रीचे कागद मी प्राध्यापक चलेमना दाखवले. त्यांनी विचारलं, "हा माणूस इतकी वर्षं जगला कसा?" मी म्हटलं, "सर, कोपरावर."

मामी, तू स्वयंपाकघरातून उठून दाराशी आलीस, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आत मामा गप्प झाले होते आणि तू माझा दंड असा धरलास की वळ कितीतरी दिवस राहिला. "आता, मालै, आता," एवढंच म्हणत होतीस. मी मोजत होते, आणि खरं सांगते, माझंही कोपर उचललं गेलं होतं. मामांनी स्वतःच श्वास घेतला तेव्हा आपण दोघीही खाली बसलो. हवं होतं तेवढं मिळताच मी वाटी नाकावर चढवली आणि ती रेषा सपाट झाली. या वेळी मात्र कोणी ढोसत नव्हतं.

बँकॉकला मी गेले. निबंध मागे घेतला होता, म्हणून मला शेवटी, लोक जेवायला उठायच्या वेळी थोडा वेळ दिला. मी उभी राहिले आणि जे घडलं ते सांगितलं: रंग, थिनर, माझं स्वतःचं बोट, तू. आधी हशा झाला. मग मागून एक म्हातारे डॉक्टर उठले आणि म्हणाले, "आमच्या भागातही पुरुष नखं रंगवतात. माझे कागद आता मी पुन्हा बघतो." त्यानंतर जेवायला कोणी उठलं नाही. चलेम सर माझ्यावर रुसले होते. परतीच्या गाडीत त्यांनी त्यांच्या डब्यातला भाजलेला मासा माझ्यापुढे सरकवला, म्हणजे रुसवा संपला. खोली आणखी वर्षभर राहील. खुर्च्या दुसरीकडे गेल्या.

आता नवा अभ्यास सुरू करतेय. चिमटा लावायच्या आधी शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारायचं: तुम्ही रात्री काय करता? काय काय उत्तरं येतात, ऐकशील तर थक्क होशील. एक बाई नवऱ्याच्या पायाला दोरी बांधून झोपते आणि ओढते. नखांच्या रंगाच्या घोटाळ्यावर मी निबंध लिहिलाय; त्याच्या शेवटी आभाराची एक ओळ असते. मोठमोठ्यांची नावं घालायची रीत आहे. मी एकच घातलं: श्रीमती बुआलोई, नोंग काएन. चलेम सरांनी विचारलं, यांची पदवी काय लिहायची? मी म्हटलं, मामी.

निघताना, जीव भटकू नये म्हणून, तू माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधलास, तो अजून आहे. रुग्णालयात सगळे बघतात, मी काढत नाही. मामांच्या मनगटाला बांधलास आणि जाता जाता यंत्राच्या नळीलाही बांधलास, ते पाहून उबोन हसत होती. मी हसले नाही. 

सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, येतेय. तुम्हा दोघांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा आहे. मामी, तुझ्या बाबतीत मी कोपरापासून सुरुवात करणार. तेव्हा मामांना पुन्हा तपासते, मगच किल्लीचं ठरवू.

तुझीच, मालै

*

नोंग काएन
११ एप्रिल

मालै, पोरी,

घाईत चार ओळी. तू येतेस, मासे खारवून ठेवले आहेत.

मामा आता प्रवचनात जागा राहतो आणि भंतेंना शंका विचारतो. भंते म्हणतात, पूर्वीचाच बरा होता. नाकावरची वाटी बघून बुनथम म्हणाला, हडळ तर सोडच, आता सावकारही जवळ येणार नाही. गावातले बाप्ये नखं अजून रंगवतात, पण तू सांगितलंस म्हणून दोन्ही हातांचं एकेक बोट कोरं ठेवतात. तेवढ्या दोन बोटांना हडळ काय करील ते बघू.

आभारात माझं नाव घातलंस, ते भंतेंनी सगळ्यांना वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसले होते. बाई गं, मी काय केलं? नवऱ्याला ढोसलं.

सुरुवातीला तुझ्या त्या यंत्रानं मला छळलं. घरात एवढी शांतता, की मी दचकून उठायची आणि कोपर आपसूक वर जायचं. मग हात छातीवर ठेवून बघायची. छाती हलत असायची. पुन्हा ठेवायची, पुन्हा हलत असायची. असे बरेच दिवस गेले.

काल सकाळी भंते भिक्षेला आले, तर माझ्या दारात भाताची टोपली नव्हती. लग्न झाल्यापासून असं कधी घडलेलं नाही. ते थांबले, वाट बघितली, आणि पुढे गेले. शेजारणी धावत आल्या, त्यांना वाटलं मीच गेले. तुझा मामा ओट्यावर बसला होता. तोंडावर बोट ठेवून त्यानं सगळ्यांना गप्प केलं.

मग पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला. फाटकातून हाका मारल्या म्हणे त्यानं. मला एकही ऐकू आली नाही. मी झोपले होते.

मामी